गुरुवारकाकांचं विमान

चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली आणि चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच उत्तर दिलं, "गुरुवारी या." कुठल्या गुरुवारी, ते कधी सांगितलं नाही. म्हणून ते गुरुवारकाका. खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलं होतं. पुढच्या दुकानात मुलीनं चष्मे विकायला घेतले, पण मागची खोली काकांनी काही सोडली नाही. तिथं घड्याळांच्या डब्यांशेजारी चेपलेला पत्रा, रबरी नळी आणि विमानाच्या चाकाची निम्मी रिंग पडलेली असे. सगळ्याला चिखलाचा वास यायचा. काकांना तो अत्तरासारखा वाटायचा, काकूंना नाही.

काकांना महायुद्धातल्या लढाऊ विमानांचं वेड होतं आणि त्या वेडाला साथ द्यायला आणखी दोघं होते. भूगोलाच्या निवृत्त बाई जुने नकाशे आणि हवाई दलाचे कागद धुंडाळायच्या. औषधवाल्यांकडे गाडी होती आणि जिभेला हाड नव्हतं, त्यामुळे जमीनमालकांकडून खणायची परवानगी तेच काढायचे. दोन वर्षांपूर्वी गावाबाहेरची दलदल आटली, तेव्हा या तिघांनी तिथून एक अख्खं इंजिन उपसलं. औषधवाले कमरेपर्यंत रुतले होते. बाईंनी आधी इंजिनाला दोर बांधला आणि मग त्यांना. हे ते अजून विसरलेले नाहीत.

इंजिनावरची पितळी पट्टी काकांनी जुन्या टूथब्रशनं घासली आणि डोळ्याला भिंग लावून नंबर वाचला. बाईंनी तो कारखान्याच्या यादीत शोधला. नंबरावरून विमान कळलं आणि विमानावरून वैमानिक. एकवीस वर्षांचा पोरगा, एका सकाळी उडाला तो परत आलाच नव्हता. पेपरात बातमी छापून आली, आणि आठवड्याभरात थरथरत्या अक्षरातलं एक पत्र. त्या पोराची धाकटी बहीण एकोणनव्वद वर्षांची होती आणि तीन तासांच्या अंतरावर राहत होती. भाऊ गेला तेव्हा ती नऊ वर्षांची. तेव्हापासून घरात 'बेपत्ता' एवढा एकच शब्द ऐकत आली होती. आता येत्या रविवारी ती दलदलीकाठी फुलं वाहायला येणार होती. भावाच्या नावाची पाटीसुद्धा तयार होती. काकांना आकाश ठेंगणं झालं होतं.

शुक्रवारी सकाळी काकूंनी मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "पुन्हा मागे पडलं."

"तुझ्या आईचं घड्याळ ते. थकायचंच."

"आईची नुसती बाहेरची केस आहे, अहो. आतलं मशीन तुम्हीच कुणाच्या तरी घड्याळातलं काढून बसवलंय. आणि तेवढ्यासाठी मला सात गुरुवार थांबवलंत."

काकांचा चहाचा कप तोंडापर्यंत पोचलाच नाही. जन्मभर एकाचं मशीन दुसऱ्याच्या केसमध्ये बसवत आलेल्या माणसानं जिथं इंजिन तिथंच त्याचं मूळ विमान असं बिनदिक्कत धरून टाकलं होतं! इंजिनंही बदलतातच की.

तडक बाईंना फोन गेला. विमानतळाच्या दुरुस्ती-नोंदींच्या प्रती त्यांच्याकडे वर्षभर पडून होत्या, पण नंबर जुळल्यावर त्या उघडायची गरज कुणालाच वाटली नव्हती. दुपारी तिघंही त्यांवर वाकले. नोंद स्पष्ट होती. ते इंजिन त्या पोराच्या विमानातून तीन आठवडे आधी काढून दुसऱ्या एका विमानात बसवलं होतं. दोन्ही विमानं एकाच सकाळी उडाली होती आणि दोन्ही परतली नव्हती. दलदलीत पडलेला वैमानिक भलताच निघाला, आणि त्याच्या घरच्यांचा तर कुठंच पत्ता नव्हता.

"मी काय म्हणतो," औषधवाले म्हणाले, "नव्वदीला आलेली बाई आहे. वाहू दे फुलं, जाऊ दे समाधानानं. आपण तिघं मूग गिळून बसू."

"आणि पाटी?" बाई म्हणाल्या. "ती काय, खोटी लावायची?"

काकांना लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती. एकदा सापडलेला भाऊ आपण त्या बहिणीकडून परत हिरावून घेणार होतो. तरी त्यांनी फोन लावला आणि आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. इंजिनाचं कसं असतं ते समजावताना काकूंच्या घड्याळाचाच दाखला दिला.

पलीकडून बहीण एवढंच म्हणाली,

"म्हणजे तो अजून सापडायचाच आहे तर."

"हो, ताई. चूक माझी आहे."

"बरं. रविवारची गाडी सांगून ठेवलीय, ती काही मी रद्द करत नाही."

आणि ताई खरंच आल्या. औषधवाल्यांनी आणि काकांनी त्यांना खुर्चीसकट उचलून दलदलीकाठी नेलं. बाईंनी त्या दुसऱ्या वैमानिकाचं नाव साध्या पुठ्ठ्यावर लिहून आणलं होतं. ताईंनी ते दोनदा वाचलं.

"वय?"

"तेवीस."

"याचं कुणीच नाही?"

"अजून तरी सापडलं नाही."

"सापडेपर्यंत मी आहे," म्हणाल्या, आणि सगळी फुलं त्यालाच वाहिली.

मग मागच्या खोलीत चहा झाला. दोराची गोष्ट ऐकून ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. जाताना त्यांनी पर्समधून पट्टा नसलेलं एक पुरुषी घड्याळ काढलं. भाऊ शेवटचा रजेवर आला होता तेव्हा 'दुरुस्तीला दे, पुढच्या वेळी नेतो' म्हणून त्यांच्या हातात देऊन गेला होता. त्यांनी ते कधी कुणाला दिलंच नव्हतं.

काकांनी मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं. "मशीन याच केसचं आहे," ते म्हणाले. "या खेपेला नीट बघितलं."

"कधी देता?"

"गुरु..." सवयीनं तोंडातून निघालं आणि काकांनी जीभ चावली. काकूंनी कपाळावर हात मारला.

"चालेल की," ताई म्हणाल्या. "पण घड्याळ आणि भाऊ, दोन्ही एकाच गुरुवारी द्या. तोवर मला कुठं जायचं नाही."

काकांना हसू आलं आणि रडूही आलं. त्यांनी पावती लिहून ताईंच्या हातात दिली, आणि बाईंनी नोंदींचा गठ्ठा पहिल्या पानापासून पुन्हा उघडला.