पाच काळे वाटाणे

पांढरे वाटाणे भिजत घातले की त्यांचा हिरवट, मातकट वास सुटतो आणि मला नांदेडची आमची प्रयोगशाळा आठवते. रविवार होता, सगळी इमारत रिकामी. थरथरत्या ताटात वाटाणे नाचवून ते कळपाने कसे फिरतात, हे मी संशोधनासाठी बघत होते. वाटाण्यांना एकमेकांची ओढ नसते. पण आदळता आदळता शेजाऱ्यांची चाल सारखी होत जाते आणि ताटभर भोवरा फिरू लागतो. माग काढता यावा म्हणून पाच दाणे शाईने काळे केले होते. सकाळपासून त्यांच्यावर लावलेला कॅमेरा दुसऱ्या विभागाचा, तेवढ्या दिवसापुरताच मिळालेला. त्यात जळकोटहून माय भेटायला आली. मशीन थांबवून मी चहा आणायला गेले, परत येते तर ती ताटापुढे बसलेली. "पाच किडके निघाले बग, फेकून दिले," ती खुशीत म्हणाली. सकाळपासूनचा माग तिथंच तुटला. मी तिला नको नको ते बोलले. "मला काय म्हाईत गं बाई," एवढंच म्हणून तिने आणलेली भाकर टेबलावर ठेवली आणि दुपारच्याच बसने परत गेली. मग मी एक दाणा काळा करून रिकाम्या ताटात एकटाच सोडला. तो जागच्या जागी टकटक उडत राहिला. माय जाऊन आता तीन वर्षं झाली. हल्ली पाकिटातल्या वाटाण्यांत किडका दाणा सापडत नाही. तरी भिजवायच्या आधी मी ते ताटात पसरते आणि निवडत बसते.