शाकारलेली टाकी

लोखंड टिकाऊ असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी नवापूरला एक वर्ष बिऱ्हाड करावं. आम्ही सातारा बाजूकडून तिथं आलो तेव्हा माझ्या पेटीला धड कडी-कोयंडा होता. वर्षभरात कडी हातात आली. विळी, तवा, ह्यांच्या दाढीचं पातं, जे उघड्यावर राहील त्याला समुद्राचा वारा लागे आणि गंज चढे. शिवणाची सुई खोबरेलाच्या चिंधीत खोचून ठेवायला मी तिथंच शिकले. अशा गावात माझ्या नवऱ्याला लोखंडाची एक आख्खी टाकी जपून ठेवायची बुद्धी झाली. मी त्याला तेव्हा वेड म्हटलं होतं, आणि आजही मला दुसरा शब्द सापडत नाही.

साठीचं दशक अर्धं सरलं होतं. तारापूरला वीजघराचं बांधकाम चाललं होतं आणि आमचे हे तिथल्या एका ठेकेदाराकडे गाड्यांचे मिस्त्री होते. बोईसरला जागा मिळेना म्हणून आम्ही नवापूरला एका तांडेलाच्या घराची पडवी घेतली. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. सगळे खलाशी त्याच्या शब्दावर चालायचे. आमचे तांडेलकाका साठी उलटलेले, बोलायला गोड आणि मताला पक्के. मला मासे खाता येत नाहीत याचं त्यांना इतकं वाईट वाटे, की ते माझ्याकडे आजारी माणसाकडं बघावं तसं बघायचे.

ठेकेदारानं लष्कराच्या लिलावातून तीन जुने ट्रेलर उचलले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पेट्रोल वाहायला केलेल्या या टाक्या, चाकांवर बसवलेल्या, ट्रकच्या मागं जोडून ओढायच्या. इथं त्या मशिनांना डिझेल पोचवायच्या कामी आल्या. पुढं गळायला लागल्या तशा कोपऱ्यात ढकलल्या गेल्या, आणि एक दिवस त्यातल्या दोन गॅसनं कापून भंगारात गेल्या. त्या संध्याकाळी हे घरी आले आणि ताटावरून तसेच उठले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, तिसरीही परवा कापतील.

यामागची गोष्ट मला माहीत होती, पण तिला हात लावायची आमच्या घरात रीत नव्हती. लढाईत हे आणि धाकटे दीर एकाच तुकडीत होते, ब्रह्मदेशाच्या वाटेवर. दोघेही पेट्रोलच्या गाड्यांवर. एका सकाळी वरून विमान आलं. दिरांची गाडी पुढं होती, ह्यांची दोन गाड्या सोडून मागं. दिरांच्या गाडीमागची असलीच टाकी फुटली. विझल्यावर हे धावत गेले तेव्हा उचलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सरकारनं आधी बेपत्ता म्हटलं, नंतर मयत. सासूबाईंनी पहिला शब्द धरला आणि दुसरा सोडून दिला. त्या ह्यांना एकच विचारायच्या, तू त्याचं प्रेत बघितलंस का? हे खोटं बोलणारे नव्हते. नाही म्हणायचे. मग झालं, असं म्हणून सासूबाई चुलीकडं वळायच्या. बैलगाडीत रॉकेलचे डबे भरावेत तसं काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढं होतं. डबे पेटले तर माणूस उडी मारून पळेल, त्यात काय एवढं. वीस वर्षं त्यांनी धाकट्याचं क्रियाकर्म होऊ दिलं नाही. पितृपक्षात म्हाळाला सासऱ्यांचं पान वाढलं जाई, आजेसासऱ्यांचं वाढलं जाई, धाकट्याचं नाव कुणी काढलं तर त्या पानावरून उठत. गावाकडं दिरांचं धोतर धुवून घडी घालून ठेवलेलं असे आणि दर दिवाळीला पुन्हा धुतलं जाई.

म्हणून ह्यांना ती टाकी हवी होती. आईला एकदा इथं आणायचं, टाकीसमोर उभं करायचं, तिचा हात त्या पत्र्यावर ठेवायचा आणि सांगायचं, आई, एवढं जाड लोखंड त्या दिवशी चिंध्या होऊन उडालं. मग माणसाचं काय झालं असेल ते तूच सांग. "वीस वर्षं माझं ऐकलं नाही तिनं," हे म्हणाले, "डोळ्यांनी बघितल्यावर तरी तिची वाट बघणं सुटेल." मला ते पटलं नाही आणि खोडूनही काढता आलं नाही. सासूबाईंची सुटका व्हावी असं मलाही वाटत होतंच. खरं सांगायचं तर सुटका ह्यांचीही व्हावी असं जास्त वाटत होतं, कारण जगून परत आल्याचा गुन्हा आईनं माफ केलेला नाही, असं हे धरून चालले होते.

ठेकेदाराच्या साहेबाला विनवून विनवून ह्यांनी तिसरी टाकी मागून घेतली. साहेबानं हसून परवानगी दिली. घेऊन जायची व्यवस्था तुमची तुम्ही बघा म्हणाला. टायर कधीच फाटले होते. बैल लावले तर चाकं वाळूत रुतली. शेवटी तांडेलकाकांनी आपले खलाशी आणले. ही माणसं दर वर्षी होडी किनाऱ्यावर ओढतात, तशी त्यांनी ती टाकी ओढली: खाली ओंडके घालून, दोर खांद्यावर घेऊन, एकानं ओरडायचं आणि बाकीच्यांनी एकदम जोर करायचा. वाटेत सगळं गाव बघायला जमलं. मिस्त्रीनं सवत आणली गं तुझ्यावर, म्हणून कोळणींनी मला पाणवठ्यावर आठवडाभर पिडलं. मीही म्हटलं, आणली तर आणली, निदान ही जेवायला तरी मागत नाही.

पुढचे सात-आठ महिने ह्यांची सगळी सुट्टी त्या सवतीपायी गेली. आत सोड्याचं ऊन पाणी ओतून ओतून डिझेलचा वास काढला. बाजूला हातपंप होता तो सोडवला. पितळी तोट्या आधीच कुणीतरी लांबवल्या होत्या; बोईसरच्या एका भंगारवाल्याकडं तसल्याच दोन मिळाल्या, त्या घासून बसवल्या. हिरव्या रंगावर लष्कराचा पांढरा आकडा होता, तो मात्र ह्यांनी तसाच ठेवला. पत्रा ठोकून बघत आणि म्हणत, आतून पातळ झालाय, पण जपला तर टिकेल. जिथं गंज दिसला तिथं घासून लाल रंगाचा हात दिला. एखाद्या दिवशी मी चहा घेऊन जायची तर हे टाकीला पाठ टेकून नुसते बसलेले असायचे. मग मी कप ठेवून परत यायची.

मे महिन्याच्या शेवटी ठेकेदारानं ह्यांना नाशिककडच्या कामावर पाठवलं, पावसाचा जोर ओसरेपर्यंत. जाताना ह्यांनी तांडेलकाकांना एवढंच सांगितलं, की पावसात टाकीला सांभाळा. परत येताना गावाकडून आईला घेऊनच येतो, नारळी पुनवेला. पुनवेनंतर महिन्याभरानं पितृपक्ष येतो, त्याआधी सगळं उरकावं असा ह्यांचा बेत होता.

सांभाळा म्हटल्यावर काकांनी सांभाळलं. समुद्राकाठी सांभाळायची एक रीत आहे आणि ती शेकडो वर्षांची आहे. पावसाआधी होडी वर ओढतात, तिचा जुना रंग खरवडून लाकूड उघडं करतात, उन्हात खडखडीत सुकवतात, मग पेंढा आणि माडाच्या झावळ्यांचे झाप घालून शाकारतात. रंग द्यायचा तो पावसाचा जोर ओसरल्यावर, पुनवेला. तोवर झाप उचलायचा नाही. पुनवेला मालकानंच पहिला झाप काढायचा. काकांनी पाहिलं की टाकीचा रंग जागोजागी फुगलाय आणि मिस्त्रीचं काम अर्धवट राहिलंय. एका दुपारी सगळे खलाशी होडी सोडून टाकीवर बसले आणि संध्याकाळपर्यंत तिचा रंग, तिचा लाल हात, खालचा गंजाचा थर, सगळं खरवडून तिला चकचकीत करून टाकलं. आकड्याभोवती तेवढं हिरवं राखलं. वरचं झाकणही उघडं ठेवलं, होडीचं पोट कोंदू नये म्हणून ठेवतात तसं.

मी शेतकऱ्याची लेक. नांगराचा फाळ पावसाळ्यात तेल लावून ठेवतात एवढं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "काका, हे लाकूड नव्हे, लोखंड आहे. रंग तरी लावू या."

"वयनी, पावसाच्या तोंडावर रंग लावला का आतलं पाणी आतच ऱ्हातं," काका म्हणाले. "खाऱ्या वाऱ्यात जगायचं तर लाकडाला नि लोखंडाला एकच नेम हाय. मी जल्मभर होडी राखली, तुमची टांकी नाय राखनार?"

त्यांच्या तोंडावर असा आनंद होता, की मी रंगाचा विषय सोडून दिला. त्यांच्या होडीला त्या वर्षी पुरेसा पेंढा उरला नाही, तो टाकीला गेला होता. इतक्या प्रेमानं कुणी आपल्या वस्तूचा घात करत असेल तर त्याला अडवायचं कसं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आषाढात झापाखालून तांबडं पाणी यायला लागलं. अंगणातून ओघळ करून ते वाटेवर जाई. मी काकांना दाखवलं. ते म्हणाले, रंगाचा राहिलेला चुरा धुपतोय. मी म्हटलं, एक झाप उचलून बघू. काकांनी कानांना हात लावला. मालक गावाबाहेर असताना शाकार उघडणं म्हणजे मालकावरच संकट ओढवून घेणं. आता नवऱ्याच्या जिवाची गोष्ट निघाल्यावर कोण बायको झाप उचलेल?

पुनवेच्या दिवशी दुपारी हे सासूबाईंना घेऊन आले. दोन दिवसांचा प्रवास, बोईसरहून बैलगाडी, तरी सासूबाई ताठ बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर ढळला नव्हता. काकांनी नारळ, फुलं, सगळं तयार ठेवलं होतं. रंगाचे डबेसुद्धा आणून ठेवले होते. शेजारपाजारची माणसं जमली. ह्यांचे अजून कपडे बदलायचे होते, पण काकांना धीर नव्हता. ह्यांनी नमस्कार करून पहिला झाप ओढला.

पेंढा कुजून काळा झाला होता. त्याला वाफ येत होती. खालून टाकी निघाली ती विटेच्या रंगाची. पापुद्रे सुटून पेंढ्याबरोबरच खाली आले. ह्यांनी अंगठा टेकवला तर तो आत गेला. दुसरीकडं टेकवला, तिथंही गेला. आकड्याभोवती राखलेलं हिरवं तेवढं शाबूत होतं. काका जमिनीवर बसले आणि म्हणाले, "माजी होडी अशी कदी नाय झाली." ते रडत होते. ह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हाताकडं बघूनच मला कळलं की ह्यांच्या अंगातलं सगळं गेलंय.

तरीही ह्यांनी सोडलं नाही. आईला पुढं घेतलं आणि सांगायला लागले: ही बघ ती टाकी, अशीच त्याच्या पाठीशी होती, गळ्यापर्यंत पेट्रोल भरलेली. सासूबाई टाकीला एक फेरी घालून आल्या. चाकं बघितली, पंप बघितला. मग त्यांनी एका भोकात हात घातला आणि कडा मोडून बघितली. बाजरीच्या शिळ्या भाकरीसारखा तुकडा निघाला.

"ह्येच व्हय रं ते लोखंड?" त्यांनी विचारलं.

"आई, तेव्हा ते नवं होतं. चांगलं जाड होतं."

"तू मला लोखंड दावतो म्हणालास. म्या बघितलं." त्यांनी तुकडा हातातच चुरला. "माज्यासारख्या म्हातारीचा हात आरपार जातोय ह्येच्यातनं. आन् माजं तरणंताठं पोर ह्येच्यातनं निसटलं न्हाई म्हणतोस?"

हे समजावू लागले. वीस वर्षं, गंज, खारा वारा, शाकार, सगळं सांगितलं. सासूबाई ऐकून घेत होत्या, लहान मुलाचं ऐकावं तशा. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या हसत होत्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मला त्या हसण्याची भीती वाटली. आपल्याच हातानं आपण त्यांना पुरावा दिला होता.

चार दिवस राहून त्या परत निघाल्या. म्हाळाची गोष्ट कुणी काढली नाही. त्या चार दिवसांत त्या पोटभर जेवल्या, गावातल्या बायकांत बसल्या, धाकटा लहानपणी किती चपळ होता ते सांगत राहिल्या. काका मात्र त्यांच्या समोर आले नाहीत. ती टाकी पुढं भंगारवाल्यानंही नेली नाही. हात लावून बघितला आणि "इसमें कुछ बचा ही नहीं" म्हणून निघून गेला.

बोईसर स्टेशनवर आम्ही त्यांना गाडीत बसवलं. सोबतीला गावचा एक माणूस होता. हे खिडकीशी उभे होते. सासूबाईंनी खिडकीतून हात काढून ह्यांच्या गालावरून फिरवला, म्हणाल्या, एवढा वाळलास का रे. मग गाडी हलायच्या आधी त्यांना आठवल्यासारखं झालं.

"ते खोपट सोडू नगा बरं का," त्या म्हणाल्या. "गाव बदललात तर त्येला घर कसं घावंल? तो आला की आधी भावाकडंच येणार."

वीस वर्षं ज्या माणसानं आईला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, तो म्हणाला, "नाही सोडत, आई. आला की लगेच कळवतो."