साळू टेलरची बिघडलेली मापं

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका बोळात साळूबाईचं शिलाईचं दुकान होतं, आणि त्या दुकानाइतकं बदनाम दुकान अख्ख्या तालुक्यात नव्हतं. लगेच भुवया उंचावू नका, बदनाम म्हणजे तसलं काही नाही. साळूकडे टाकलेला ब्लाऊज पहिल्या फेरीला अंगाला बसला असं सहसा व्हायचंच नाही, एवढंच. बाही आखूड, नाहीतर गळा मोठा, नाहीतर पाठ अशी ढगळ की आत अजून एक बाई मावावी. "साळूकडं ब्लाऊज टाकायचा तर लेकीच्या बारशाला टाकावा, तिच्या लग्नाला मिळतो," असं समोरचा बांगडीवाला म्हणायचा आणि गिऱ्हाईकांना हसवायचा. साळू मशीनवरून मान वर न करता ते ऐकून घ्यायची.

आता खरं सांगायचं तर साळूसारखा हात तालुक्यात दुसरा नव्हता. बाई दारातून आत आली की टेप न लावता तिला माप कळायचं. मग ही बाई स्वतःच्या नावाला स्वतःच काळं का फासत होती? त्यामागे मोठी कहाणी आहे, ती नीट पहिल्यापासून सांगते.

साळू मूळची आंबेगाव तालुक्यातली, घोडेगावच्या पलीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरातली. अठराव्या वर्षी लग्न झालं आणि दोन वर्षांत मोडलं. नवरा वाईट नव्हता, मारकुटा तर मुळीच नव्हता. पण साळूचा जीव त्याच्यात रमेना, आणि तो का रमत नाही हे तिचं तिलाही सांगता येईना. शेवटी ट्रंक उचलून ती माहेरी आली. गाव 'टाकलेली' म्हणालं. ती मनात म्हणायची, अरे बाबांनो, मीच आलेय की निघून! भाऊ कुंडलिक मात्र भला माणूस. त्यानं तिला शिवणकाम शिकू दिलं, एक जुनं मशीन घेऊन दिलं आणि एक्याण्णव साली जुन्नरात ठकूबाईचा गाळा भाड्यानं मिळवून दिला.

ठकूबाई म्हणजे त्या घराची मालकीण, मागच्या अंगाला राहणारी विधवा म्हातारी. तोंडानं फटकळ, नजरेनं त्याहून फटकळ. गाळा पुढून लहानसा, मशीनपुरता. मध्ये जाडजूड पडदा, आणि पडद्यामागे एक खोली. तिथं आरसा, सतरंजी आणि चहाचा स्टोव्ह. ही मापं घ्यायची खोली. पडद्याच्या आत बाप्या माणसानं पाऊल टाकायचं नाही, हा नियम.

चौऱ्याण्णव साली त्या पडद्याआड ज्योत्स्ना आली. ज्योत्स्ना म्हणजे बोरी बुद्रुकच्या भागुजींची मुलगी, बौद्ध घरातली, नोकरीनं नर्स. भागुजींनी पोरीला शिकवताना कुणाचं ऐकलं नाही आणि लग्नासाठी तिच्यामागे तगादाही लावला नाही. पांढऱ्या साडीवरचा ब्लाऊज शिवायचा म्हणून ती आली. साळूनं टेप तिच्या खांद्याला लावला आणि तो तिथंच धरून राहिली. असं तिला मांडवातसुद्धा झालं नव्हतं. आकडे डोळ्यांपुढे दिसत होते, डोक्यात मात्र एकही शिरत नव्हता. ब्लाऊज शिवला तो बाही चांगली दोन बोटं आखूड!

ज्योत्स्ना दुरुस्तीला आली. साळूनं बाही सोडली, तर काख बिघडली. ज्योत्स्ना पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला साळू शरमेनं अर्धी झाली होती. "ताई, माफ करा, आता एकदम नीट करून देते."

ज्योत्स्नानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. "नीट केलंत तर मी यायचं कोणत्या निमित्तानं?"

साळू जी मटकन खाली बसली ती सतरंजीवरच. ज्योत्स्नाही शेजारी बसली. कोण आधी रडलं आणि कोण आधी हसलं ते दोघींनाही पुढे आठवेना. पण त्या दिवशी साळूला आपल्या आयुष्याचं कोडं सुटलं आणि तिला इतका आनंद झाला की दुपारी तिनं एका गिऱ्हाइकाला दोन उजव्या बाह्या लावून दिल्या.

मग हीच रीत पडली. ज्योत्स्नाचं काम खेडोपाडी फिरायचं, बायकांच्या चुलीपर्यंत जायचं. कुठं एखादी नवी सून मैत्रिणीच्या आठवणीनं झुरताना दिसायची. कुठं लग्नाला नकार देऊन बसलेली, तर कुठं दोघी अशा की एकीचं नाव काढलं की दुसरीचा चेहरा उजळायचा. ज्योत्स्ना जास्त काही विचारायची नाही. नाडी बघून झाली की हात सोडता सोडता म्हणायची, "जुन्नरला साळूबाईकडं एक ब्लाऊज टाका. बाजाराच्या दिवशी जा, गर्दी असते, कुणाचं लक्ष नसतं." बाई यायची, ब्लाऊज टाकायची. साळू तो बिघडवायची. मग पुढच्या बाजारी घरी सांगायला कारण तयार: "अवो, त्या मेलीनं परत घोळ घातलाय, जाऊन यावं लागंल." यावर कुठली सासू अडवणार? उलट सासवाच सांगायच्या, चांगली खडसावून ये तिला!

अशा शिव्या खात खात ती खोली भरत गेली. चार बायांच्या सहा झाल्या, सहाच्या दहा. पेरू फोडून खायचे, तिखटमीठ लावून. ज्योत्स्ना घरून बोंबलाची चटणी आणायची, त्यावर झोंबाझोंबी. एक शाळेतली बाई आणि एक बाजारात कांदे विकणारी, दोघींची ओळख या खोलीत झाली आणि पुढे त्यांनी गावाबाहेर शेजारी शेजारी खोल्या घेतल्या. भांडणंही व्हायची, रुसवेफुगवे तर विचारूच नका. एकीनं दुसरीशी नातं तोडलं की दोघींचे ब्लाऊज वेगवेगळ्या वेळी बिघडवायचे, हा साळूच्या डोक्याला ताप! शिवाय ठरावीक बायांचीच मापं चुकतात असा संशय नको, म्हणून अधूनमधून पाटलिणीचा, वकिलिणीचाही एखादा गळा वाकडा करावा लागे. पोटाला आधार होता तो शाळेच्या गणवेशांचा, परकरांचा, फॉल-पिकोचा. तिथं साळूची शिवण एका रेघेत जायची. पण लोकांना ती कशाला दिसते?

अठ्ठ्याण्णवच्या शेवटी दोन बायकांच्या प्रेमावरच्या कुठल्याशा सिनेमावरून दंगा झाला, थिएटरं फोडलेली टीव्हीवर दिसली. त्या आठवड्यात खोलीतल्या पेरूंना कुणी हात लावला नाही. आपल्यासारख्यांना काही नाव आहे आणि त्या नावावरून माणसं दगड उचलतात, हे दोन्ही एकदमच कळलं. पुढे ज्योत्स्नानं पुण्यातल्या एका गटाचा पत्ता मिळवला आणि ती साळूला तिथं घेऊन गेली. कोथरूडमधला फ्लॅट, शिकलेल्या पोरी, निम्मं बोलणं इंग्रजीत. पण साळूला त्यांनी मानानं बसवलं, कॉफी दिली, मिठी मारून निरोप दिला. परतीच्या एस.टी.त साळू नारायणगावापर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिली.

"आवडलं न्हाई का तुला?" ज्योत्स्नानं विचारलं.

"लई आवडलं गं. पर आपल्या कांदेवालीनं घरी काय सांगून जायचं तितं? कापी प्यायला चालले म्हणून?" साळू म्हणाली. "आपली खोलीच बरी. ती टिकली पायजे."

आणि ती टिकली, बारा वर्षं टिकली. मग दोन हजार सहा साली अवसरी खुर्दची हर्षाली यायला लागली.

हर्षाली कॉलेजातली पोर. तिची जिवाची मैत्रीण लग्न होऊन नाशकाकडं गेली होती, आणि हिनं जेवण टाकलं होतं. खोलीत आल्यावर पोरगी हळूहळू खायला लागली, हसायला लागली. तिला खोली सोडवेना म्हणून साळूनं तिचा पंजाबी ड्रेस जरा जास्तच वेळा बिघडवला. इथंच चुकलं. एका बाजारी हर्षालीची आई तो ड्रेस काखोटीला मारून थेट ठकूबाईच्या दारात उभी.

"दिवाळीपास्नं एक डरेस चाललाय, आता शिमगा आला! तुमी गाळा दिलाय का धर्मशाळा काडलीय, आं?"

बोळ गोळा झाला. बांगडीवाल्यानं आपलं म्हणणं मांडलं, वकिलिणीनं गळ्याचं गाऱ्हाणं काढलं. ठकूबाईचा पुतण्या संपत मोबाईलच्या दुकानासाठी गाळ्यावर टपून होताच, त्याला तर आयतंच मिळालं. "काकू, काडून टाक तिला. नाव जातंय घराचं."

ठकूबाईनं सगळ्यांचं ऐकलं आणि आत जाऊन एक खण आणला. इरकली, हिरवागार. तो साळूच्या मशीनवर टाकत म्हणाली, "नातीच्या लग्नाला घालायचीय. चोळी शिव. पुढच्या बाजारी सगळ्यांदेखत अंगात घालीन. बसली तर गाळा तुझा. न्हाई बसली तर संपतचा."

झालं! साळूनं खण उचलला आणि परत मशीनवर ठेवला. बाकीच्यांना वाटलं, बिचारीला येत नाही म्हणून घाबरली. तिची भीती वेगळीच होती. चोळी बिघडली तर खोली गेली. आणि चोळी नीट झाली तर सगळा बोळ विचारणार, एवढी छान शिवतेस, मग या दहा बायांचीच मापं बारा वर्षं परत परत का चुकतात? एकदा का हा प्रश्न कुणी विचारला की पुढच्या बाजारी एकही बाई पडद्याआड येणार नाही.

"बिघडव," ज्योत्स्ना म्हणाली. "दुसरीकडं खोली बघू."

"दुसरीकडं कोन देतंय? आन् तवर त्या पोरीनं कुटं जायचं? परत जेवान टाकलं तिनं तर?" साळू खणावर हात फिरवत राहिली. तिला फार वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता. आपण काय चोरी केली होती? बायकांना हसायला एक जागा दिली होती. "ज्योत्स्ना, मी म्हातारीला खरं सांगनार. शिवनार बी खरं."

ज्योत्स्नानं तिचा हात धरला. "मग मी पण थांबते तुझ्यासंगं."

चोळी शिवली. बाजाराच्या दिवशी बोळात ही गर्दी. संपत तर टेप घेऊनच आला होता, काउंटर कुठं बसवायचा ते मोजायला. ठकूबाई पडद्याआड गेली आणि चोळी अंगात घालून आरशापुढे उभी राहिली. एक सुरकुती नव्हती. काखेत, पाठीवर, दंडावर, जिथं हात लावावा तिथं चोळी अंगासारखी. ठकूबाई डावीकडे वळली, उजवीकडे वळली. मग आरशातूनच तिनं साळूवर डोळे रोखले.

"म्हंजी तुला येतंय."

"येतंय, आत्या."

"मंग त्या बायांचं का बिगडवतीस गं?"

ज्योत्स्ना भिंतीला टेकून उभी होती. बाहेर लोक ताटकळले होते.

"त्यांनी परत यावं म्हनून," साळू म्हणाली. "आत्या, बाईलाच बाई आवडती, अशा बाया हायेत त्या. त्यांना बसाया दुसरीकडं जागा न्हाई. मी बी तशीच हाय. ही ज्योत्स्ना माझं मानूस हाय. आता काडायचं तर काडा."

ठकूबाईनं ज्योत्स्नाकडे पाहिलं. मग सतरंजीकडे, स्टोव्हकडे, कोपऱ्यातल्या पेरूंच्या टोपलीकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा फटकळपणा हळूहळू उतरत गेला आणि ती एकदम फार थकलेली दिसली.

"आमच्या वक्ताला अशी खोली नव्हती," ती हलक्या आवाजात म्हणाली. "असती तर येसूनं इहिरीचा रस्ता धरला नसता. माझी व्हती ती येसू. म्हायेरची." तिनं पदरानं तोंड पुसलं. "कुनाला सांगितलं न्हाई मी. कुनाला सांगनार व्हते?"

साळूला हुंदका फुटला. ठकूबाईनं तिला "गप, बाहीर ऐकू जाईल" म्हणून दटावलं, चोळीची गाठ सोडली, आपली जुनी चोळी घातली आणि नवी चोळी साळूच्या मांडीवर टाकली. मग पडद्याबाहेर तोंड काढून ती बोळावर कडाडली.

"काय बगताय? काखंत आवळतीया! आन् ए संपत, टेप गुंडाळ. माझी चोळी धड झाल्याबिगर ही बया गाळा सोडून कुटं जायाची न्हाई, समजलं का?"

लोक पोट धरधरून हसले. साळू टेलर ती साळू टेलरच, असं म्हणत पांगले. हर्षालीची आईसुद्धा डोक्याला हात लावून हसली आणि जाताना ड्रेस मशीनवर टाकून गेली.

ठकूबाई आत वळली. "काखंत आवळत न्हाई, आत्या," साळू डोळे पुसत म्हणाली. "इतकी नीट चोळी मी आजवर शिवली न्हाई."

"मी म्हनते न्हवं, आवळतीया म्हनून." म्हातारी सतरंजीवर टेकली आणि टोपलीतला एक पेरू उचलून पदराला पुसू लागली. "उसव ती. मला बी पुडच्या बाजारी यायचंय."

साळूनं ब्लेड घेतलं आणि आयुष्यातली सगळ्यात सरळ शिवण उसवायला बसली.