मोहाच्या दिवसांतली बाटली

दादाने शाळा सोडून रनाळ्याची शेती अंगावर घेतली, म्हणून त्याचा धाकटा भाऊ असलेला मी बी.एस्सी. होऊ शकलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. साठ सालानंतर मला नंदुरबारच्या एका धर्मादाय दवाखान्यात रक्त तपासायचं काम मिळालं, तेव्हा दादा गावभर सांगत सुटला, "मन्हा भाऊ दुर्बीणमा आजार देखस!"

पुढच्या चैत्रात तोच विषमज्वराने आमच्याकडे दाखल झाला. जंतू मारणाऱ्या कॅप्सूल सुरू झाल्या. त्या तो कशाबशा गिळायचा, पण अन्नपाणी तोंडाने जात नव्हतं, म्हणून घोट्याजवळ चीर देऊन शिरेत बारीक नळी बसवली आणि तिच्यातून सलाईन लावलं. पाय फळीला बांधलेला. उशाशी माय. दहाव्या दिवशी ताप उतरला, आणि दोनच दिवसांनी हुडहुडी भरून पुन्हा चढला.

डॉक्टरांनी रक्त पोषक रसाच्या बाटलीत ठेवून त्यात कोणते जंतू वाढतात ते पाहायला सांगितलं. बाटली गढूळ झाली. थेंब काचेवर घेतला तर गोल पेशी, काहींना कोंब फुटलेले. कॉलेजात पाहिलेली, आंबवणारी बुरशी. दवाखान्याच्या भिंतीपलीकडे तोरणमाळकडून आलेल्या मोहफुलांच्या गोण्या उतरत. त्या दिवसांत खोलीत आंबूस वास भरून असे आणि आधीही आमच्या बाटल्या अशाच नासल्या होत्या. "हिनेही मोहाची घेतली वाटतं," असं आम्ही हसून म्हणायचो. मी बाटली ओतून दिली आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'नमुना बिघडला'. डॉक्टरांनी कॅप्सूल वाढवल्या.

ताप हटेना, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं. या वेळी मी खिडक्या लावल्या, दाराला ओली चादर बांधली, सुई-बाटली दोनदा उकळली आणि दादाच्या हातातून स्वतः रक्त काढलं. तो म्हणाला, "डोळासमोर धुकं शे रे."

दोन दिवसांनी काचेवर त्याच पेशी होत्या. आता मोहाला दोष देता येत नव्हता. पहिल्या बाटलीतली बुरशीही दादाच्या रक्तातलीच होती.

माझ्या खोलीला दार एकच, ते वॉर्डात उघडायचं. डॉक्टरांकडे जायचं तर दादाच्या खाटेवरूनच. मी बराच वेळ स्टुलावरून उठलोच नाही. उठलो तेव्हा मायने विचारलंच, "काही दिखनं का रे?"

"डॉक्टरांना सांगून येतो," मी म्हणालो.

डॉक्टरांनी काच पाहिली. "पहिल्या बाटलीतही हेच होतं?"

"हो."

"म्हणजे चार दिवस गेले." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "औषधाने जंतू मेले आणि बुरशीला रान मोकळं झालं. ती त्या नळीतूनच शिरली असणार. नळी काढा, कॅप्सूल बंद. पुढचं औषध मुंबईहून मागवू."

नर्स नळी काढायला आली तशी मायने दादाच्या घोट्यावर हात आडवा धरला. आमच्याकडे सलाईन काढलं म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली, असंच धरतात. "पानी बंद करं म्हनजे मन्हा पोऱ्या गया! हात नही लावाना!"

नर्स माझ्याकडे पाहू लागली. मायही पाहू लागली.

"तू शिकेल शे," ती म्हणाली. "तू सांग. काढू देऊ का?"

चार दिवसांपूर्वी काय ओतून दिलं, ते तिला माहीत नव्हतं.

"काढू दे, माय."

तिने लगेच हात उचलला. आणखी एक प्रश्न तरी विचारायला हवा होता तिने.

मुंबईहून औषध आलं. ते शिरेतून दिलं की दादाला तापासारखीच हुडहुडी भरायची. दादा वाचला, पण बुरशी डाव्या डोळ्यात आधीच पोचली होती; त्या डोळ्यासमोरचं धुकं हटलं नाही. तो डोळा गेला. तो ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "मन्हा भाऊनी मले वाचाडं." मी तिथेच असायचो.

शेतात गेलो की आजही मी त्याच्या डाव्या बाजूने चालतो. बांध आला की सांगतो. त्याला वाटतं, शिकलेला भाऊ किती जपतो.