दसऱ्याचा नारळ

खराडीच्या ऑफिसात दसरापूजेच्या सामानाची यादी मीच करते. आज झेंडूच्या वासात कुणीतरी म्हणालं, "मॅडम, नारळ राहिला."

मी लहान असताना बाबांच्या उजव्या हाताची तीन बोटं कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये गेली होती आणि कोर्टाने भरपाई मंजूर केली होती. त्याच वर्षी दसऱ्याला त्यांचे सुपरवायझर घरी आले. "अहो, मशीनवरचा राग सोडा. यंदा नारळ तुम्हीच फोडायचा." बाबा हरखले. कारखान्यातल्या पूजेत कॅमेरा रोखून तेच साहेब म्हणाले, "उजव्या हातानेच, हं!" उरलेल्या दोन बोटांत कसाबसा धरून बाबांनी नारळ फोडला. पहिली टाळी मी वाजवली.

महिन्याभरात कंपनीने भरपाईविरुद्ध अपील केलं. हात व्यवस्थित चालतो म्हणून पुरावा जोडला होता, तो हाच फोटो.

"राहिला नाही," मी म्हणाले. "मी तो लिहीतच नाही."