पान एकशे बारा

चि. मिहिर आणि चि. अनया,

कार्डवाले गुरुजी कुणालाच पाकिटातून पत्र पाठवत नसत. पुस्तकाची स्तुती करणारा असो, पुस्तकावर तुटून पडणारा असो की राजकारणातला विरोधक असो, सगळ्यांना पोस्टकार्ड. "जे पोस्टमननं वाचलेलं चालनार नाय, ते लिहायचंच कशाला?" असं ते म्हणत. आमचा रोह्याचा पोस्टमन ती कार्डं खरोखरच वाचत असे, आणि हे गुरुजींना ठाऊक होतं. कधीकधी ते कार्डाच्या तळाशी मला बारीक अक्षरात लिहायला लावत, 'पोस्टमनसाहेब, हसून झालं असेल तर पुढे पाठवा.'

मागच्या रविवारी फोनवर अनयाने विचारलं, "आजी, ज्यांचं शेवटचं कार्ड पोस्टात हरवलं, तेच ना हे गुरुजी?" मी विषय बदलून तिकडे बर्फ किती पडला ते विचारलं. आज सगळं क्रमाने लिहिते.

गुरुजींचा जन्म वडखळच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका गावातला. वडील मिठागरात कामाला. गुरुजी प्राथमिक शिक्षक झाले आणि निवृत्त झाल्यावर रोह्यात आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आले. लग्न केलं नव्हतं. चार पुस्तकं लिहिली, चारही त्याच एका गावावर. मी त्यांच्याकडे जायला लागले तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. मी इंग्रजीत शिकलेली, सव्वीस वर्षं एका कंपनीच्या ऑफिसात स्टेनो. ते सांगायचे आणि मी लिहायची, असं आपोआप ठरलं. पहिल्याच दिवशी मी त्यांचं वाक्य थोडं सरळ केलं, तर म्हणाले, "बाई, तुमचं मराठी इस्त्रीचं हाय. माझं चुरगळलेलं तसंच राहू द्या."

रोज चार वाजता मी चहा घेऊन जायची. कार्डाखाली कार्बन घालायची, नक्कल ठेवायची. एका वहीत तीन रकाने आखले होते: आलं, लिहिलं, टाकलं. फायलीही तीन होत्या: टीका, कौतुक, राजकारण. गुरुजी त्या फायलींकडे बघून म्हणायचे, "कौतुकाची बारीक ठेवा. तिच्यानं मानूस सुजतो." लिहून झालेली कार्डं पोस्टमन दुसऱ्या दिवशी आमच्याच दारातून घेऊन जायचा.

पुण्याच्या एका प्राध्यापकांनी लिहिलं होतं की, गुरुजींची भाषा खारट आणि अशुद्ध आहे. मी वाचून दाखवलं तेव्हा मलाच कानकोंडं झालं. गुरुजींनी सांगितलं, "लिहा. खारट हे बरोबर, मी मिठागरात जन्मलो. अशुद्ध कुठे ते पान क्रमांकासह कळवावे." प्राध्यापकही चिवट. त्यांनी अकरा जागा कळवल्या. गुरुजींनी अकराही तपासल्या आणि उत्तर दिलं, 'नऊ चुका माझ्या. पुढील आवृत्तीत दुरुस्त करीन. उरलेल्या दोन तुमच्या.' ते कार्ड कॉलेजच्या पत्त्यावर गेलं. म्हणजे प्राध्यापकांच्या आधी तिथल्या शिपायाने वाचलं असणार.

मी म्हटलं, "नऊ चुका कबूल करायच्या, तर निदान पाकिटात तरी."

"नाय. शिवी उघड्यावर आणि माफी पाकिटात, असला धंदा मी करनार नाय."

हे वाक्य मी तेव्हाच नीट लक्षात ठेवायला हवं होतं.

चाहत्यांना तर ते जास्तच सरळ उत्तरं द्यायचे. नागोठण्याच्या एका गृहस्थांनी कळवलं की, कादंबरीच्या नायकाचं नाव त्यांनी मुलाला ठेवलं. उत्तर गेलं, 'अभिनंदन. नायक शेवटच्या प्रकरणात बायकोला टाकून पळून जातो. तिथवर वाचन झालेले दिसत नाही.' मी हे लिहिणार नाही म्हणून पेन खाली ठेवलं. मग त्यांनी पुढे एक ओळ घातली, 'नाव चांगले आहे. बाळाला आशीर्वाद.'

राजकारणाची फाईल शेवटच्या पुस्तकाने जाडी झाली. खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून त्या गावांना मातीचा बांध असतो, आणि बांधाला एक लाकडी दरवाजा. त्याला तिथे उघाडी म्हणतात. भातवाल्यांना ती बंद हवी असते आणि मिठागरवाल्यांना पाणी हवं असतं. गुरुजींच्या लहानपणी एका उधाणात उघाडी उघडी राहिली आणि गावाची सगळी शेती खारी झाली. त्या वेळी राखणीला गावातलेच तात्या होते. पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर गुरुजींनी त्यांच्या नावानिशी लिहिलं की, तात्या राखण सोडून लग्नाला गेले होते. याच तात्यांचा मुलगा आता पंचायत समितीचा सभापती होता, आणि गावाची जमीन कारखान्याला देण्याच्या बाजूने होता. पुस्तकाचा अर्धा भाग त्याच्यावरच होता.

सभापतींच्या माणसांनी वडखळ नाक्यावर पुस्तक जाळलं. गुरुजींनी फक्त विचारलं, "किती प्रती?" कोणी सांगितलं, पाच. लगेच सभापतींना कार्ड, 'पाच प्रती जाळल्याचे समजले. विकत घेतलेल्या असल्यास आभार. वाचनालयाच्या असल्यास भरून द्याव्यात.' पोस्टमनने ते चहाच्या टपरीवर वाचून दाखवलं. दोन दिवसांत रोह्यापासून पेणपर्यंत सगळे हसत होते.

त्यानंतर सभापतींचं पत्र आलं. साधं, हाताने लिहिलेलं. मी वाचून दाखवलं. 'गुरुजी, माझ्याबद्दल लिहिलंत त्याचं उत्तर मी सभेत देईन. पण पान एकशे बारा मी माझ्या बापाला वाचून दाखवलं, त्याला वाचता येत नाही. तो तीन दिवस जेवला नाही. उघाडी कोणी उघडली ते तुमच्या आत्याला विचारा.'

गुरुजींनी तिथल्या तिथे मला फोन लावायला सांगितला. आत्याबाई नव्वदीच्या. फोनचा आवाज खोलीभर येत होता.

"आत्ये, उघाडी कोनी उघडली व्हती?"

"आता रे कशाला? तुज्या बापानं. मिठागरात पानी घ्याचं व्हतं. तात्या आडवा आला त त्याला ढकलून दिलान. सगल्या गावाला ठावं हाय."

"मना का नाय सांगितलं?"

"आदी तू ल्हान व्हतास. मंग मास्तर झालास. मास्तरला कोन सांगनार?"

गुरुजींनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "कार्ड घ्या."

ते कार्ड मला पाठ आहे. 'श्री. तात्यांस नमस्कार. पान एकशे बारा. उघाडी तुम्ही उघडी ठेवली नाही. माझ्या बापाने उघडली. मी न विचारता लिहिले. चूक माझी. पुढील आवृत्तीत दुरुस्त करीन. हे कार्ड सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घ्यावे.'

निवडणूक आठ दिवसांवर होती. मी म्हटलं, "गुरुजी, हे उद्या त्यांच्या प्रचाराच्या पत्रकावर छापून येईल. म्हणतील, हे खोटं तर सगळंच पुस्तक खोटं. पाकिटात घालू या."

"नाय."

"निदान मतदान होऊ द्या."

"उद्याच्या टपालात," ते म्हणाले, आणि डोळे मिटून बसले.

आमच्या ऑफिसात साहेब रागाच्या भरात पत्र सांगायचे, तेव्हा मी ते टाइप करून खणात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी विचारायची. दहापैकी नऊ वेळा साहेब म्हणायचे, बरं झालं पाठवलं नाही. सव्वीस वर्षांत त्यासाठी मला शाबासकीच मिळाली होती. मी कार्ड घरी आणलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. गुरुजींना मात्र दुसऱ्या दिवशी काही विचारलं नाही.

ते रोज चार वाजता विचारायचे, "तात्याचं काय आलं?"

"नाही."

पाचव्या दिवशी म्हणाले, "आलं नाय तरी बरोबरच हाय त्याचं."

सातव्या दिवशी सकाळी कामवाली हाक मारत आली. गुरुजी खुर्चीतच गेले होते. मी डॉक्टरांना फोन केला, गुरुजींच्या पुतण्याला केला, गॅस बंद आहे ना ते पाहिलं. रडू आलं नाही. चार वाजता मी चहा टाकला, दोन कप ओतले आणि दोन्ही बेसिनमध्ये रिकामे केले. दुसऱ्या दिवशी मतदान झालं. मीही जाऊन मत देऊन आले. बोटाची शाई बरेच दिवस राहिली.

शोकसभेला सभापती आले. निवडून आले होते, तरी स्वतःला हार घालू दिला नाही. गुरुजींबद्दल चांगलं बोलले. नंतर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, आमच्या म्हाताऱ्याला उत्तर लिहिलं होतं का त्यांनी? तो रोज विचारतो."

मी म्हटलं, "लिहिलं होतं. टाकलं होतं. पोस्टात राहिलं असेल."

किती सहज बोलले मी ते. तुमच्या बाबाला फोनवर तेच सांगितलं. त्याच्याकडून ते तुमच्यापर्यंत आलं.

चार दिवसांनी पोस्टमन दारात आला. हातात पत्र काही नव्हतं. म्हणाला, "बाई, गावात बोलतात, गुरुजींचं कार्ड पोस्टात हरवलं. त्यांचं एक न् एक कार्ड माझ्या हातातून गेलंय. तात्यांच्या नावाचं माझ्याकडं आलंच नाय."

उत्तराला तो थांबला नाही. दारातला सायकलचा स्टँड त्याने पायाने वर केला, तो आवाज तेवढा आठवतो.

दुसऱ्या दिवशी मी रोह्याहून पेणची एसटी धरली आणि तिथून रिक्षाने गावात गेले. तात्या ओट्यावर बसले होते. बारीक, काळे, अंगात बंडी. मी कार्ड पुढे केलं.

"मना काय करायचं त्याचं? वाच ना गो बाय."

दोन बायका पाण्याचे हंडे खाली ठेवून उभ्या राहिल्या. समोरच्या दुकानातली माणसं आली. सभापती घरातून बाहेर आले. मी मोठ्याने वाचलं. ऑफिसात मी कधी आवाज चढवला नव्हता. तात्या म्हणाले, "परत." मी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं.

"कवा लिवलान?"

मी तारीख सांगितली. ती माझ्याच अक्षरात कार्डावर होती.

"म्हंजे मतांच्या आदी."

"हो. मी टाकलं नाही. माझ्याकडेच ठेवलं होतं."

सभापतींनी तोंड उघडलं, पण तात्यांनी हात वर केला. मला वाटलं, आता मला चार शब्द ऐकवतील. मी त्याची वाटच बघत होते. त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि वाचत असल्यासारखं डोळ्यांजवळ धरलं.

"तवा तो जिता व्हता," ते म्हणाले. "मी पन जिता व्हतो. गेलो असतो त्याच्याकडं. रोहा काय लांब हाय गो?"

त्यांनी कार्ड बंडीच्या खिशात घातलं. सुनेने मला चहा दिला, तो मी प्यायले. सभापतींनी आपल्या गाडीने सोडतो म्हटलं, पण मी एसटीनेच आले. येताना घड्याळ बघितलं. पेण ते रोहा, वाटेत नागोठण्याला थांबून, सव्वा तास.

संध्याकाळी पोस्टमनला सांगितलं की कार्ड माझ्या खणात होतं. तो म्हणाला, "ठावं होतं, बाई," आणि विजेचं बिल माझ्या हातात दिलं.

गुरुजींची वही माझ्याकडे आहे. शेवटच्या ओळीत 'आलं' भरलंय, 'लिहिलं' भरलंय. 'टाकलं' या रकान्यात काही लिहायला माझा हात होत नाही. मी स्वतः नेऊन दिलं, त्यासाठी वहीत रकाना नाही.

इतकं सगळं एका कार्डात मावलं नसतं, म्हणून पाकीट वापरावं लागलं. तेव्हा एवढं करा. रविवारी सगळे जेवायला बसाल, तेव्हा बाबाला सांगा, हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच.

तुमची
आजी