एमईजीच्या खुर्चीत वऱ्हाड

आमच्या कामात माहिती जमते ती कॉम्प्युटरमध्ये, आणि किस्से जमतात ते रेल्वेच्या डब्यात! अमरावती ते बंगळूर एवढा लांबचा प्रवास, सोबत पाच-सहा म्हातारी माणसं आणि प्रत्येकाच्या पिशवीत वेगळी चटणी. किस्से नाही जमणार तर काय!

काम काय, ते आधी सांगते. म्हातारपणात आणि स्मृतिभ्रंशात मेंदू कसा बदलतो, ते आम्ही बघतो. मेंदू काम करत असताना अगदी बारीकसं चुंबकत्व तयार होतं. ते टिपणारं एमईजी नावाचं यंत्र तिकडे बंगळूरला आहे. इकडची माणसं शोधायची, समजवायची, नेऊन आणायची, ती आम्ही तिघांनी. डॉक्टर मॅडम, अकोल्याचे गजूभाऊ टेक्निशियन आणि मी. अट एकच, पण कडक. वर्षभराने त्याच माणसाने पुन्हा यायचं. दुसरा स्कॅनच नसेल तर बदल कशाशी ताडून बघणार?

तिकडच्या एका साहेबांनी सुरुवातीलाच नाक मुरडलं होतं, "गावाकडचे लोक दुसऱ्यांदा येत नाहीत हो!" मला असा राग आला होता म्हणून सांगू!

* * *

परतवाड्याला एका आजीबाईंना मी यंत्राचा फोटो दाखवत होते. खोली केवढी, तिचं दार केवढं जाड, सगळं सांगितलं. आजीला एकच भीती, "शॉक देते का वं बाई?"

म्हटलं, "नाही हो आजी. हे यंत्र तुम्हाला काहीच करत नाही. नुसतं एका जागी बसून असतं."

"काईच काम नाई करत? आन त्याले एवढी मोठी खोली देल्ली?" आजी शेजारणीकडे वळल्या. "आमच्या जावयासारखंच हाये म्हना!"

* * *

यंत्राजवळ धातू अजिबात चालत नाही. साधी पिन राहिली तरी पडद्यावर नुसता गोंधळ माजतो. त्यामुळे अचलपूरच्या रहीमचाचांचं नाव यादीत बघून गजूभाऊंनी कपाळाला हात लावला. चाचांची चाळीस वर्षं कुलपं-चाव्या घासण्यात गेलेली! केसात लोखंडाचा कीस, नखात कीस.

गजूभाऊंनी त्यांना तीनदा आंघोळ करायला लावली. नखं स्वतः कापून दिली. तरी धाकधूक होतीच. स्कॅन सुरू झाला आणि काय सांगू, इतका स्वच्छ आलेख त्या आठवड्यात कुणाचाच नव्हता. तिकडची मंडळी उठून बघायला आली.

चाचा बाहेर येऊन ऐटीत म्हणाले, "चालीस साल लोहा घिसा, लेकिन भेजे में एक कन नहीं गया!"

* * *

आतल्या माणसाशी आम्ही स्पीकरवरून बोलतो. डोकं जराही हलवायचं नसतं. दर्यापूरकडच्या एक आजी होत्या, अतिशय अदबशीर. गजूभाऊ म्हणायचे, "आजी, मान हलवू नका बरं." आजी मान डोलवून म्हणायच्या, "हो बाप्पा."

पुन्हा पहिल्यापासून! "आजी, मान नाही हलवायची." पुन्हा मान डोलली. कोणी सांगतंय आणि आपण होकार देऊ नये, हे त्यांना जमेचना.

शेवटी गजूभाऊ माईक बंद करून बसले. वीस मिनिटं आजी पुतळ्यासारख्या बसून राहिल्या. बाहेर आल्यावर मला हळूच विचारतात, "तो पोरगा रागावला का वं? बोलेच ना!"

* * *

आता नांदगाव खंडेश्वरचे गुरुजी. गणिताचे मास्तर, निवृत्त. पहिल्या वर्षी आले तेव्हा विसरायला नुकतंच लागले होते आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं. फॉर्मवर सही करताना म्हणाले, "मॅडम, पुढच्या साली मी येतोच. माह्या डोक्याचं गनित अर्धं सोडू नका. तवा मले समजत नसन, तर हिले विचारा. ही सांगन तसं करा."

शेजारी बायको होती, विमलकाकू. त्या फणकारल्या, "पन्नास सालात कदी माह्यं ऐकलं नाई, आन आता लिहून देऊन राहिले!"

आम्ही पोट धरून हसलो. गुरुजीही हसले.

* * *

वर्षभराने गुरुजी आले, पण ते गुरुजी नव्हते. काकूंना ओळखेनात. परक्या बाईला म्हणावं तसं "बाई" म्हणायचे. काकू म्हणाल्या, दिवाळीपासून एकदाही नाव घेतलं नाही.

स्कॅनच्या खुर्चीत तर बसेचनात. बसवलं की उठून दाराकडे. दोन दिवस हेच चाललं. मॅडम काकूंना म्हणाल्या, "जबरदस्ती करायची नाही आपण. नसेल जमत तर घरी जाऊ."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यायनं शबूद देल्ला होता जी. आता त्यायले आठवत नाई, पन मले आठवते ना!"

गजूभाऊ म्हणाले, "सोबतीला एक माणूस आत बसू शकतो. पण अंगावर धातू नको. काहीच नको."

काकूंनी पिना काढल्या, कानातलं काढलं. जोडवी निघेनात, ती साबण लावून काढली. उरलं मंगळसूत्र. मी म्हटलं, "काकू, नसेल काढायचं तर राहू द्या. कोणी काही म्हणणार नाही."

"रुमाल दे इकडं," एवढंच बोलल्या. त्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि आत गेल्या.

आम्ही बाहेर पडद्यासमोर. आतला स्पीकर सुरू होता. गुरुजी निम्मे उठलेले. त्यांनी काकूंकडे पाहिलं. पाहतच राहिले. आणि एकदम वर्गात ओरडावं तसे ओरडले,

"विमल! गळा काहून मोकळा तुहा? मी मेलो का?"

काकूंनी पदर गळ्याभोवती ओढून घेतला. मग म्हणाल्या, "नाई जी. बसा आता गुपचूप."

गुरुजी बसले. पुरी वीस मिनिटं, जराही न हलता.